शिपायाची फिर्याद कोणी लिहावयाची?

सैन्यातून निवृत्त झालेल्या मनुष्यावर सरकारशी अथवा भाऊबंदांशी भांडण्याचा प्रसंग आला, तर त्याने जावे कोठे? खोपोलीजवळच्या शिळफाट्यावर (ठाण्याजवळचा तो निराळा) राहणाऱ्या एखाद्या निवृत्त हवालदाराची गोष्ट घ्या. पेन्शन कमी बसले असेल तर दाद मुंबईच्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणात मागावयाची. तो सीमेवर असता सातबाऱ्यावरून त्याचे नाव गळले असेल तर अपील कर्जतच्या प्रांतांकडे, वाटणीचा दावा खालापूरच्या दिवाणी न्यायालयात. आणि ज्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने त्यास वाट दाखवावयाची ते अलिबागेस, पेणमार्गे साठ-सत्तर किलोमीटरांवर! ज्याने उमेदीची वर्षे हुकूम पाळण्यात घालविली, त्यास उतारवयात चार दरवाजांवर उभे करणे, हा प्रकार शोभादायक आहे असे आम्हांस वाटत नाही.

या जिल्ह्यास हा प्रश्न नवा नाही. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः निवृत्त हवालदार होते. महारांची सैन्यभरती बंद झाली तेव्हा त्यांच्या वतीने सरकारास विनंतीपत्र लिहिण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. सुभेदार रामजी सकपाळ यांनी अशाच अर्जाच्या मसुद्यास न्यायमूर्ती रानड्यांचे साहाय्य घेतले, असे डॉ. आंबेडकरांचे चरित्रकार सांगतात. रानड्यांस शिपायाचा अर्ज लिहिण्यात कमीपणा वाटला नाही. मग आमच्या काळ्या डगलेवाल्या बंधूंसच तो का वाटावा? परकीय सरकारनेही १९२५ साली खास परिस्थितीत नोकरीवर असलेल्या शिपायांच्या दाव्यांना संरक्षण देणारा कायदा केला होता. परंतु वर्दी उतरल्यावर त्या संरक्षणाचा काय उपयोग?

स्वराज्यात कायदा नाही असे मात्र नाही. राज्यघटनेत १९७६ च्या दुरुस्तीने कलम ३९-अ आले. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९९५ पासून अमलात आला. त्याच्या कलम १२ मध्ये स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, औद्योगिक कामगार वगैरेंस फुकट वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यामुळे सैनिकाच्या विधवेस आपली मिळकत सांगत बसावी लागत नाही. परंतु त्या यादीत 'माजी सैनिक' हे शब्द नाहीत. धडधाकट निवृत्त शिपाई इतर कोणत्या वर्गात बसत नसेल तर उत्पन्नाच्या मापाने मोजला जातो, आणि पुष्कळदा ज्या पेन्शनबद्दल त्याची तक्रार, तेच पेन्शन त्यास यादीबाहेर ढकलते. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने वीर परिवार सहायता योजना काढून सैनिक मंडळांच्या कार्यालयांत सल्ला केंद्रे उघडण्याचे ठरविले, हे स्तुत्यच होय. पण जिल्ह्याचे कार्यालय अलिबागेस असल्यावर शिळफाट्यास त्याचा लाभ किती?

सल्ला वेळेवर न मिळाल्याने होणारे नुकसान साधे नसते. वैद्यकीय मंडळाने 'आजाराचा सेवेशी संबंध नाही' असा शेरा मारला की अपंगत्वाचे पेन्शन बुडते, आणि शिपाई तो शेरा ब्रह्मवाक्य मानून घरी बसतो. वस्तुतः भरतीच्या वेळी त्या रोगाची नोंद नसेल, तर तो सेवेमुळे जडला असे सामान्यतः गृहीत धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने धरमवीर सिंग यांच्या खटल्यात २०१३ सालीच सांगितले आहे. अपंगत्वाचे प्रमाण वरच्या टप्प्यास नेण्याचा लाभ (वीस टक्क्यांचे पन्नास) राम अवतार यांच्या खटल्यामुळे २०१४ साली अधिक जणांस मिळाला. शेतावर बसलेल्या मनुष्यास हे कोणी सांगावयाचे? अंतिम हुकुमापासून सहा महिन्यांत न्यायाधिकरणात अर्ज करावयाचा असतो. पेन्शनच्या तक्रारीत उशीर पुष्कळदा माफ होतो खरा, परंतु तरसेम सिंग यांच्या २००८ च्या निकालाप्रमाणे थकबाकी सामान्यतः मागील तीन वर्षांपुरतीच पदरात पडते. म्हणजे दहा वर्षे गप्प राहिलेल्याची सात वर्षे गेली!

'शिपायास पेन्शन आहे, मग फुकट वकील कशास?' असे म्हणणारे भेटतात. त्यांस आमचे सांगणे असे की, ही भिक्षा नव्हे. शिवाय प्रत्येक तक्रार खरीच असते असेही आम्ही म्हणत नाही. जी टिकणार नाही ती टिकणार नाही असे स्पष्ट सांगून शिपायास दलालांच्या तावडीतून सोडविणे, हेही वकिलाचेच काम आहे.

सबब आमची मागणी लहानशी आहे. खालापूर व कर्जत येथील तालुका विधी सेवा समित्यांनी महिन्यातून एक दिवस शिळफाट्यावर बसावे. सोबत पॅनेलवरील एक वकील आणि कारकुनी जाणणारा एखादा निवृत्त सैनिक विधी स्वयंसेवक म्हणून असावा. कागद अलिबागेस व मुंबईस जावेत, म्हाताऱ्याने जाऊ नये. आणि संसदेने कलम १२ मध्ये दोन शब्द घालावेत.

तोवर ज्यास गरज आहे त्याने खालापूरच्या समितीकडे जावे, अथवा १५१०० या क्रमांकावर दूरध्वनी करावा. अर्ज तोंडी सांगितला तरी चालतो. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा हुकूम व वैद्यकीय मंडळाचा कागद मात्र जवळ ठेवावा, आणि मूळ प्रत कोणाच्याही हाती देऊ नये.