मोठ्या अक्षराचे पुस्तक



आषाढी पौर्णिमा जवळ आली, की आमच्या घरी एक काम ठरलेले असते. पेटीतली जुनी पुस्तके बाहेर काढायची, झटकायची, ऊन दाखवायचे आणि पुन्हा लावून ठेवायची. परवा पावसाने उघडीप दिली, तेव्हा आम्ही पत्र्याची पेटी ओढत गॅलरीत आणली. "पुस्तकांना ऊन आणि मला धूळ," असे आमच्या सहचारिणी दरवर्षी म्हणतात, तसे यंदाही म्हणाल्या. कॉलेजात जाणारी नात मदतीला होती. घरात काचेचे कपाट येऊन वीस वर्षे झाली, पण ही पुस्तके अजून पेटीतच राहतात. आमचीच सवय मोडत नाही.

ही पेटी मुंबईच्या बी.डी.डी. चाळीतली. १६० चौरस फुटांची खोली आणि त्यात आम्ही आठ माणसे. बा गिरणीत रिंग खात्यात होता. आई खाणावळ चालवायची. गावाकडून एकटे आलेले दहाबारा गिरणीकामगार तिच्याकडे दोन वेळ जेवत. खोलीत खुर्ची नव्हती, घड्याळ नव्हते, पण खाटेखाली पुस्तकांची पेटी होती. प्रत्येक पुस्तकाला जुन्या कॅलेंडरच्या कागदाचे कव्हर असे. ते चिकटवायची खळ आई शिजवायची आणि नंतर तिच्यात चिमूटभर मोरचूद घालायची, म्हणजे कसर लागत नाही. पानापानांत कडुनिंबाचा वाळलेला पाला. परवा नातीने एक पुस्तक उघडले, तर त्या पाल्याचा भुगा तिच्या ओंजळीत पडला.

आईला अक्षरओळख नव्हती. तरी पुस्तके यायची ती बहुतेक तिच्याच पैशांतून. सहा डिसेंबर आला, की ती पिठाच्या डब्यात जपलेल्या नोटा काढून आमच्या हातावर ठेवायची. "चैत्यभूमीला चाललास तर एक पुस्तक आण. मोठ्या अक्षराचं बघ." दरवर्षी हेच शब्द. आम्हाला वाटायचे, बाची नजर अधू झाली आहे, त्याच्यासाठी सांगत असेल.

१९७९ साली शासनाने बाबासाहेबांच्या लेखनाचा आणि भाषणांचा पहिला खंड काढला. आम्हाला नुकतीच नोकरी लागली होती. तो जाडजूड खंड आम्ही मिरवत घरी आणला. आईने हात पदराला पुसले, खंड मांडीवर घेतला, सावकाश पाने उलटली आणि म्हणाली, "लई बारीक अक्षर हाय रे ह्याचं." खंड इंग्रजीत होता! आम्ही भावंडे पोट धरून हसलो. आईही हसली आणि चुलीकडे वळली.

पण आईला ग्रंथ कळत नव्हता असे कुणी समजू नये. 'बुद्ध अँड हिज धम्म' हा बाबासाहेबांचा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्याचे मराठी भाषांतर हाती आले, तसे आमच्या चाळीत वर्षावासात त्याचे वाचन सुरू झाले. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज रात्री एकेका घरी. वाचायला बहुधा आम्हीच, कारण आमचा आवाज खणखणीत होता. एकदा परीक्षेचा अभ्यास राहिला होता, म्हणून आम्ही हळूच एक पान गाळून पुढे गेलो. कुणाच्या लक्षात आले नाही. आई मात्र दारातून म्हणाली, "मधलं ऱ्हायलं. गेल्या साली इथं यशोधरेचं बोलणं हुतं." आम्ही खाली मान घालून मागचे पान काढले. आठ खंडांचा ग्रंथ तिने नुसता ऐकून डोक्यात साठवला होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरी बसले. दोनचार महिन्यांत खाणावळीतली माणसे एकेक करून गावी गेली, काहींची उधारी तशीच राहिली, आणि खाणावळ बंद पडली. मोठे टोप, परात, तांब्याचा हंडा, सगळे मोडीच्या भावात गेले. भांडी तोलून झाल्यावर भंगारवाल्याचे लक्ष पेटीकडे गेले. "रद्दी है क्या?" त्याने विचारले. आई उठली आणि पेटीवर जाऊन बसली. बोलली काहीच नाही. तो गेल्यावरच ती खाली उतरली. पुढच्या आठवड्यापासून ती दुपारी परक्या घरची धुणीभांडी करायला जाऊ लागली. आई १९९६ साली गेली.

हे सारे आम्ही अनेकदा सांगितले आहे, विहारातल्या कार्यक्रमांतही सांगितले आहे. आमची आई शिकलेली नव्हती, पण तिने पुस्तके जपली, असे सांगताना आमची छाती भरून येत असे. परवा मात्र एक निराळीच गोष्ट घडली.

पेटीच्या तळाशी एक मळकी अंकलिपी आहे. आमच्यापैकी कुणाच्या तरी लहानपणची असेल, म्हणून आम्ही ती कधी निरखून पाहिली नव्हती. नातीने ती उघडली. छापील अक्षरांखाली शिसपेन्सिलीने अक्षरे गिरवलेली होती. थरथरती, पण दाबून काढलेली. अ, आ, इ, ई करीत क, ख, ग. असे 'ठ'पर्यंत. 'ड'खाली नुसता एक टिंब. पुढची पाने कोरी.

"आजोबा, हे अक्षर कुणाचं?" नातीने विचारले. आम्ही म्हणालो, "धाकट्या आत्याचं असेल."

आमच्या सहचारिणी फडक्याने पुस्तके पुसत होत्या. त्या हात न थांबवता म्हणाल्या, "आत्याबाईंचं आहे ते."

१९८१ साली लग्न होऊन त्या आमच्या घरी आल्या. दुपारची जेवणे उरकली, पुरुषमाणसे बाहेर पडली, की सासूसुना दार लोटून बसत. सून अक्षर काढून दाखवी, सासू गिरवी. मग संप आला, दुपारची कामे लागली आणि शिकणे 'ड'पाशी थांबले.

आम्ही म्हणालो, "मला का नाही सांगितलंत कधी?" त्या म्हणाल्या, "त्यांनी शब्द घेतला होता माझ्याकडून. पोरं हसतील म्हणाल्या. मागं एकदा हसला होतात म्हणे तुम्ही सगळे."

वाचकहो, आम्हाला काय वाटले ते कसे सांगावे? 'शिका' हा शब्द आमच्या घराच्या भिंतीवर लिहिलेला होता. आम्ही चाळीतल्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या, व्यासपीठावरून शिक्षणावर भाषणे केली. घरात चार शिकलेली भावंडे होती, आणि आईला अक्षर गिरवायला दार लोटावे लागले. ती मोठ्या अक्षराचे पुस्तक कुणासाठी मागत होती, हे इतक्या वर्षांनी समजले.

फलटणच्या बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' हे पुस्तक १९८६ साली आले. दुकानात पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद त्या वाचत, आणि आपले लिखाण त्यांनी कित्येक वर्षे घरात लपवून ठेवले होते. हे आम्ही वाचले तेव्हा, कुठले घर असेल ते, असे म्हणून हळहळलो होतो. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या बायकांना गाठून, त्यांच्या तोंडून ऐकून 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ १९८९ साली सिद्ध केला. तोही आमच्याकडे आहे. तो घेतला तेव्हा आई हयात होती. दोन हातांवर बसलेल्या आईला मात्र आम्ही काही विचारले नाही.

अंकलिपी आता पेटीत ठेवलेली नाही. ती काचेच्या कपाटात पहिल्या खंडाशेजारी आहे. नातीने तिलाही कॅलेंडरचे कव्हर घातले आणि वर आपल्या पणजीचे नाव लिहिले. आमच्या पुस्तकांवर बाचे नाव आहे, आमचे आहे. आईचे नाव असलेले हे पहिलेच पुस्तक.

यंदा वर्षावासात रात्री नेहमीप्रमाणे ग्रंथवाचन होईलच. शिवाय रोज दुपारी तासभर आम्ही उभयता विहारात पाटी-पेन्सिल घेऊन बसणार आहोत. आमच्या वस्तीत धुणीभांडी करायला येणाऱ्या दोघी भगिनींनी यायचे कबूल केले आहे. तुमच्या घरात, शेजारात अशी कुणी आई, मावशी, आत्या असेल, तर तिच्याजवळ बसा. पुस्तक मोठ्या अक्षराचे घ्या. आणि तिचे काही चुकले, तर कुणी हसू नका.

जयभीम.