आक्षेप केसांवर, धोका कानांना

शिक्षणासाठी पुण्या-मुंबईस गेलेला मुलगा सुट्टीत घरी येतो तो काळा टी-शर्ट घालून. त्यावर घरात कुणीही न ऐकलेल्या बँडचे नाव असते. 'शनिवारी गिगला गेलो होतो,' असे तो सांगतो आणि मग चर्चा सुरू होते ती त्याच्या वाढलेल्या केसांची, रात्री उशिरा परतण्याची आणि 'तिथे आणखी काय काय चालत असेल' याची. एक प्रश्न मात्र कुणीच विचारीत नाही : 'अरे, कार्यक्रम संपल्यावर तुझे कान वाजत होते का?'

वाचकहो, पालकांनी विचारायला हवा तो हाच प्रश्न. आपला आक्षेप केसांवर असतो. धोका मात्र कानांना असतो.

गिग म्हणजे काय?

गिग म्हणजे प्रेक्षकांसमोर प्रत्यक्ष होणारा संगीताचा कार्यक्रम, बहुधा छोट्या जागेतला. शे-दोनशे माणसे कशीबशी मावतील अशी खोली, जेमतेम गुडघाभर उंचीचा मंच आणि तीन-चार वादक. पंक संगीत अशाच जागांत वाढले. न्यूयॉर्कमध्ये १९७३ साली सुरू झालेला 'सीबीजीबी' हा क्लब त्याचे एक माहेरघर. तो २००६ मध्ये बंद झाला. मोठे उस्ताद नसलात तरी चालेल, तुमच्याजवळ सांगण्यासारखे काही असले पाहिजे, ही पंकची भूमिका. 'इंडी' हा 'इंडिपेन्डंट' शब्दाचा संक्षेप. मोठ्या कंपनीची वाट न पाहता स्वतःच ध्वनिमुद्रिका काढणारे ते इंडी. मँचेस्टरच्या 'बझकॉक्स' या बँडने १९७७ च्या जानेवारीत उसन्या पैशांवर आपली पहिली तबकडी स्वतः काढली आणि इतरांना वाट दाखवली. आपल्याकडेही मुंबईत १९८६ पासून 'इंडिपेन्डन्स रॉक' या महोत्सवाने होतकरू बँडना व्यासपीठ दिले. धोबीतलावच्या रंगभवनात तो अनेक वर्षे गाजला.

या नादाला मी वाईट म्हणणार नाही. एरवी माणूस नाव ऐकून कार्यक्रमाला जातो. इथे तो जाऊन नाव ऐकतो. चार बँडपैकी सर्वांत आधी वाजवणारा, ज्याच्यासमोर अवघी वीस-तीस माणसे असतात, तोच पुढे आयुष्यभराचा आवडता होऊन बसतो. सत्तरच्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात जाऊन प्रायोगिक नाटके पाहणाऱ्या मंडळींना ही गोडी समजावून सांगावी लागणार नाही. खोलीत एकटे बसून मोबाइलच्या पडद्याकडे पाहण्यापेक्षा तरुणाने चार समवयस्कांबरोबर उभे राहून काही नवे ऐकावे, हे मनाच्या आरोग्यासाठी केव्हाही चांगले.

पंक म्हणजे व्यसन?

पंक म्हटले की दारू आणि अमली पदार्थ, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती सर्वस्वी खोटी नाही; पण अर्धीच खरी आहे. व्यसनाला ठामपणे नकार देणारी मोठी चळवळही याच संगीतातून उभी राहिली. वॉशिंग्टनच्या 'मायनर थ्रेट' या बँडचा गायक इयान मॅकाय याने १९८१ साली दारू, सिगारेट आणि नशा नाकारणारे एक गाणे केले. त्या गाण्याच्या 'स्ट्रेट एज' या नावावरून जगभर तरुणांची निर्व्यसनी चळवळ ओळखली जाऊ लागली. अल्पवयीन मुलांना दारू दिली जाऊ नये म्हणून क्लबमध्ये त्यांच्या हातावर काळी फुली मारीत. तीच फुली पुढे या मुलांनी अभिमानाने मिरवली. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे १९८६ च्या अखेरीस '९२४ गिलमन स्ट्रीट' ही जागा सुरू झाली. दारू नाही, अमली पदार्थ नाहीत, मारामारी नाही, हे तिथले नियम. आणि चालवणारे कोण, तर स्वयंसेवक!

हे एवढ्यासाठी सांगितले की, ही मुले स्वतःला शिस्त लावू शकतात. प्रश्न फक्त ती शिस्त कानांपर्यंत पोचवण्याचा आहे.

कानात काय घडते?

आपल्या अंतर्कर्णात शंखाच्या आकाराचा एक भाग असतो. त्यात प्रत्येक कानात सुमारे १५ हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लहरींनी या पेशींवरील सूक्ष्म केस हलतात आणि तो संदेश मेंदूकडे जातो. वादळात जोंधळ्याचे पीक आडवे व्हावे तसे मोठ्या आवाजात हे केस आडवे होतात. थोडक्यात निभावले तर पुन्हा उभे राहतात. वारंवार तडाखा बसला तर पेशी मरतात. डोक्यावरचे केस कापले तर पुन्हा वाढतात. माणसाच्या कानातली केसपेशी एकदा मेली की पुन्हा उगवत नाही. त्यावर औषध नाही, शस्त्रक्रिया नाही.

हिशेब सोपा आहे. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत चालू शकेल, असे अमेरिकेतील व्यवसाय-आरोग्य तज्ज्ञ मानतात. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास, ९७ ला अर्धा तास आणि १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटे. छोट्या खोलीतील पंकचा कार्यक्रम १०० च्या आसपास किंवा त्याहूनही वर जातो आणि दोन-तीन तास चालतो. ड्रमचा आवाज मुळातच मोठा. तो कापून गिटार ऐकू यावी म्हणून तिचा आवाज वाढवायचा, आणि त्या दोन्हींवर गायकाचा. बुटके छत आणि उघड्या भिंती हा सगळा आवाज परत खोलीतच फेकतात.

बाहेर पडल्यावर कानात शिट्टी वाजते, कान दडे बसल्यासारखे होतात. दुसऱ्या दिवशी बरे वाटते आणि मुलगा ते विसरून जातो. पण बरे वाटणे म्हणजे बरे होणे नव्हे. ऐकण्याची चाचणी पुन्हा नेहमीसारखी येऊनही केसपेशींना जोडलेले मज्जातंतूंचे दुवे कायमचे तुटलेले असू शकतात, असे उंदरांवरील प्रयोगांत २००९ साली दिसून आले. माणसात प्रथम जातात ते बारीक, उंच पट्टीतले आवाज. 'स', 'श', 'फ' ही अक्षरे निसटू लागतात. 'ऐकू येते, पण काय बोललात ते कळत नाही,' ही आजोबांची तक्रार मग तिशी-पस्तिशीतला माणूस करू लागतो. शिवाय कर्णनाद, म्हणजे बाहेर आवाज नसताना कानात अखंड चालणारी शिट्टी, कित्येकांची रात्रीची झोप हिरावून घेते.

ज्यांनी मोल मोजले

याचे सर्वांत बोलके उदाहरण पंकच्याच घरातले आहे. बॉस्टनचा 'मिशन ऑफ बर्मा' हा बँड १९७९ मध्ये स्थापन झाला. चाहते वाढत होते, १९८२ मध्ये मोठी तबकडी निघाली आणि १९८३ मध्ये बँड बंद पडला. भांडण नाही, पैशाचा वाद नाही. गिटारवादक रॉजर मिलर यांचा कर्णनाद इतका बळावला की थांबणे भाग पडले. अखेरच्या दिवसांत ते कानात बोळे घालून वर नेमबाजीच्या सरावात वापरतात तशी कर्णकवचे चढवून वाजवीत. पुढे २००२ मध्ये हा बँड पुन्हा उभा राहिला, पण ड्रमच्या आवाजाला आडोसा म्हणून मंचावर पारदर्शक पडदा लावून. मधली एकोणीस वर्षे मात्र गेली ती गेलीच.

दुसरे उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅथी पेक यांचे. त्या पंक बँडमध्ये बेस गिटार वाजवीत. १९८४ मधील एका मोठ्या कार्यक्रमानंतर त्यांचे कान कित्येक दिवस वाजत राहिले आणि ऐकू येणे कमी झाले. १९८८ मध्ये त्यांनी एका डॉक्टरांच्या साथीने 'हिअर' ही संस्था काढली. कार्यक्रमांतून इअरप्लग वाटणे आणि वादकांना सावध करणे हे तिचे काम. कानठळ्या बसवण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन' या बँडने तर २००८ च्या दौऱ्यात श्रोत्यांना दारातच फुकट इअरप्लग दिले. तेव्हा इअरप्लग घालणे म्हणजे भित्रेपणा, असे कोणी मित्र म्हणाला तर त्याला ही नावे सांगावीत.

दोन बोळ्यांचे मोल

इअरप्लगचा उपयोग किती? युट्रेक्टमधील डॉक्टरांनी ॲमस्टरडॅममधील एका खुल्या संगीत महोत्सवात ५१ जणांना दोन गटांत विभागून साडेचार तास उभे केले. आवाज सरासरी १०० डेसिबल होता. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, इअरप्लग न घातलेल्यांच्या ४२ टक्के कानांची श्रवणशक्ती तात्पुरती घटली. घातलेल्यांच्या केवळ ८ टक्के कानांची. नीट बसवलेल्या बोळ्याने आवाज १५ डेसिबलने जरी उतरला, तरी वरच्या हिशेबातली १५ मिनिटांची मुदत ८ तासांवर जाते!

जबाबदारी एकट्या श्रोत्याची नव्हे. आपले २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकास मनाई करतात, पण बंदिस्त सभागृहांना त्यातून सूट देतात. म्हणजे नियमाला शेजाऱ्याच्या झोपेची काळजी आहे, आत उभ्या असलेल्या श्रोत्याच्या कानाची नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये करमणुकीच्या जागांसाठी मानक दिले. १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, आवाज मोजला जावा, इअरप्लग मिळावेत आणि कानांना विसावा देणारी शांत जागा असावी, असे ते सांगते. स्वित्झर्लंडमध्ये ९३ डेसिबलच्या वरच्या कार्यक्रमात श्रोत्यांना फुकट इअरप्लग देणे आयोजकांवर बंधनकारक आहे. आपल्याकडेही तिकीट विकणाऱ्या प्रत्येक जागेने पिण्याच्या पाण्याइतक्याच सहजपणे दारात इअरप्लग ठेवले पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मिरवणुकीतल्या डीजेवर आपण तावातावाने बोलतो. कानाला मिरवणूक आणि मैफल यांतला फरक कळत नाही.

काय करावे?

१. खिशात तिकिटाबरोबर स्पंजाचे इअरप्लग ठेवावेत. साधा कापूस कोंबून फारसे संरक्षण मिळत नाही.

२. बोळा बोटांनी वळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कान वर व मागे ओढून आत सरकवावा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवावा.

३. स्पीकरच्या तोंडाशी उभे राहू नये. दोन बँडच्या मध्ये दहा-पंधरा मिनिटे बाहेर जाऊन कानांना विश्रांती द्यावी.

४. स्वतः वाजवणाऱ्यांनी सूर न बिघडवता आवाज सारखा उतरवणारे वादकांचे खास इअरप्लग घ्यावेत. तालमीतही ते घालावेत.

५. शिट्टी दुसऱ्या दिवशीही थांबली नाही किंवा अचानक ऐकू येणे कमी झाले, तर कानात तेल न घालता त्वरित कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. अशा वेळी दिवस दवडणे महागात पडते.

आणि पालकांनो, मुलगा किंवा मुलगी पुन्हा गिगला निघाली तर 'जाऊ नको' म्हणू नका. सांगून-सवरून जाणारे मूल सावधगिरीचा सल्लाही ऐकते. चोरून जाणारे ऐकत नाही. केसांचा विषय एक दिवस बाजूला ठेवा आणि इअरप्लगची जोडी हातावर ठेवा. आज वीस जणांसमोर वाजवणारा बँड वीस वर्षांनी पुन्हा ऐकावासा वाटेल, तेव्हा कान शाबूत असले पाहिजेत.