डोंबिवलीतील कारखान्यांखालची जमीन तपासण्यासाठी निधी मिळणेबाबत निवेदन

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : डोंबिवली औद्योगिक क्षेत्रातील बंद पडलेल्या व स्थलांतरित होणाऱ्या कारखान्यांच्या भूखंडांवरील माती व भूजल तपासण्यासाठी शासनाने निधी देणेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे एमआयडीसी निवासी विभाग, सागर्ली आणि सोनारपाडा येथील रहिवासी आहोत. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन्ही दिवशीच्या स्फोटांचे हादरे आम्ही सोसले आहेत. येथील १५६ धोकादायक कारखाने पाताळगंगा येथे हलवण्याचा निर्णय शासनाने २०२२ मध्ये घेतला, त्याचे आम्ही स्वागतच करतो. मात्र कारखाने गेल्यावर मागे राहणाऱ्या जमिनीचे काय, हे आम्हाला अद्याप कोणीही सांगितलेले नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये डोंबिवलीला ७८.४१ गुणांक देऊन अतिप्रदूषित ठरवले, तेव्हा हवा आणि पाण्याबरोबर जमिनीचाही विचार केला होता.

गेल्या उन्हाळ्यात फेज दोनमधल्या एका बंद भूखंडावर पायाची खोदाई सुरू झाली. वरचा हातभर मुरूम निघाला आणि खाली काळपट, मध्येच जांभळट झाक असलेली माती लागली. भर उन्हातही ती ओली होती. डंपरमध्ये पडताना तिचा थिनरसारखा वास रस्त्यापलीकडे येत होता. खड्ड्यात अनवाणी उतरलेल्या मजुराने दुपारी पाय दाखवले, घोट्यांवर लाल चट्टे उठले होते. माती कुठे नेता, असे विचारल्यावर चालक म्हणाला, ‘भरावाला.’ म्हणजे ती आज कुणाच्या तरी जोत्याखाली आहे. आम्ही तक्रार केली, तर माती परीक्षणाचा अहवाल जोडलेला असल्याचे उत्तर आले. तो अहवाल आम्ही वाचला. जमीन किती भार पेलेल, एवढेच त्यात आहे. तिच्यात काय मुरले आहे, हे कुणी पाहिलेलेच नाही.

रसायनांच्या कारखान्यांत वापरली जाणारी काही द्रावके पाण्यापेक्षा जड असतात. ती गळली की कातळाच्या भेगांतून खाली उतरतात आणि वर्षानुवर्षे भूजलात थोडी थोडी मिसळत राहतात. त्यांची वाफ तळघरात आणि तळमजल्याच्या खोल्यांत शिरू शकते. शिसे, क्रोमियम यांसारखे धातू तर नाहीसे होतच नाहीत. तरीही तपासणी कोणी करत नाही. विकणाऱ्याला भाव पडण्याची भीती, बांधणाऱ्याला सफाईचा खर्च अंगावर येण्याची. आणि घर घेणाऱ्याला असे काही विचारायचे असते हेच ठाऊक नसते. म्हणून पहिला पैसा शासनानेच घालायला हवा. शिवाय एमआयडीसीचे भूखंड ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेले असतात. जमीन महामंडळाची आहे, तेव्हा ती कोणत्या अवस्थेत परत येते हे पाहणे मालकाचेच काम आहे.

अमेरिकेत नायगारा फॉल्स येथील लव्ह कॅनॉल वस्तीत, पुरलेल्या रसायनांच्या कडेला राहणाऱ्या कुटुंबांना १९७८ पासून घरे सोडावी लागली. पुढे १९९५ पासून तिथले केंद्र सरकार अशा जमिनींच्या तपासणीसाठी शहरांना पैसे देऊ लागले. आपल्याकडेही केंद्राने जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांबाबत नियम काढून, संशयित जागांची माहिती दर सहा महिन्यांनी देण्याची जबाबदारी जिल्हा प्रशासनावर टाकली आहे. ठाणे जिल्ह्याच्या यादीत हे भूखंड क्रमांकानिशी यावेत, ही आमची मागणी आहे.

येत्या अर्थसंकल्पात तपासणीसाठी स्वतंत्र निधी ठेवावा. भूखंड हस्तांतरणापोटी महामंडळाला मिळणाऱ्या शुल्कातला ठरावीक हिस्सा त्यात जावा आणि खर्च पुढे दोषी कारखानदाराकडून वसूल व्हावा. तपासणीची सुरुवात कागदांपासून करावी : प्रदूषण मंडळाची संमतिपत्रे, घातक कचऱ्याची विवरणपत्रे, कारखान्याचे जुने नकाशे. निवृत्त ऑपरेटरांनाही अवश्य विचारावे. गाळ कुठे पुरला, कोणती टाकी गळत होती, हे त्यांना तोंडपाठ आहे. त्यानंतर बोअर घेऊन मातीचे, आणि पावसाळ्याआधी व नंतर अशा दोन्ही वेळा भूजलाचे नमुने घ्यावेत. अहवाल येईपर्यंत वापर बदलाची किंवा बांधकामाची परवानगी देऊ नये, खोदलेली माती भूखंडाबाहेर जाऊ देऊ नये. अहवाल मराठीत असावा आणि महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात लावावा.

वर उल्लेख केलेल्या भूखंडावरचे काम सध्या थांबले आहे, पण खड्डा उघडाच आहे. पावसात तो भरतो आणि पाणी नाल्यातून खाडीकडे जाते. पहिला नमुना तिथूनच घ्यावा. जागा दाखवायला आम्ही येऊ.

आपले नम्र,
निवासी विभाग, सागर्ली व सोनारपाडा येथील रहिवासी, डोंबिवली (पूर्व)

प्रत : मा. पर्यावरण मंत्री, जिल्हाधिकारी, ठाणे, सदस्य सचिव, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, आयुक्त, कल्याण-डोंबिवली महानगरपालिका