शोधयंत्रे आणि आपली संदर्भवृत्ती

वऱ्हाडी बोलीवर एखादे नवे संकेतस्थळ निघते. मजकूर अस्सल असतो, तरी शोधयंत्राच्या पहिल्या पानावर ते दिसत नाही. यात मराठीविषयीचा आकस शोधण्याचे कारण नाही, असे आम्हांस वाटते.

१९९८ साली लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी गूगलची क्रमवारी मांडली ती विद्वत्क्षेत्रातील संदर्भपद्धतीवरून. ज्या ग्रंथाचा उल्लेख मान्यवर ग्रंथ करतात, त्याचे वजन अधिक. तसेच महाजालावरील पानांचे. पुढे अनेक निकष जोडले गेले, पण दुव्याचे मोल टिकून आहे. नव्या स्थळाकडे दुवा देणारेच नसतात. शोधयंत्रही त्याच्यापर्यंत उशिराच पोचते.

संत्र्याच्या कलमाला पहिला बहर यायला चार-पाच वर्षे लागतात, हे शेंदूरजनाघाटच्या बागायतदारास ठाऊक असते. पण तो नुसता वाट पाहत नाही, पाणीही देतो. मराठी अभ्यासात मात्र नव्या लेखकाचे वाचायचे, वर्गात सांगायचे आणि लेखात त्याचे नाव गाळायचे, ही रीत जुनी आहे. परिणामी विद्यार्थी मूळ लेखनाऐवजी त्याची नक्कल छापणाऱ्या मोठ्या स्थळावर पोचतो आणि तेच प्रमाण मानतो.

२०२४ साली मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यात रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही सुरू झाले. दर्जा शासन देऊ शकते. दुवा मात्र अभ्यासकानेच द्यायचा असतो.