सायकलची पिशवी भरताना

मांडव्यापासून रत्नागिरीपर्यंत किनाऱ्याने सायकलवर जाण्याविषयी मागच्या अंकात लिहिले, तेव्हा वाटले होते की वाचक रस्ता विचारतील, मुक्काम कुठे करायचा ते विचारतील. विचारले गेले ते वेगळेच. "पाच दिवसांचे सामान सायकलवर मावते तरी कुठे?" आणि हा प्रश्न बहुतेक भगिनींचा. साहजिक आहे. जाणारा जातो, पिशवी भरण्याची काळजी घरातल्यांना. म्हणून या वेळी फक्त पिशवीविषयी.

सायकल क्लबांच्या मोठ्या सहलींत मागून टेम्पो येतो. त्यात कपडे, पाणी, मेकॅनिक सगळे असते. आपल्या मागे टेम्पो नाही. जे लागेल ते सायकलवर, नाहीतर वाटेतल्या गावात. आणि या रस्त्यावर आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा चार खाड्या फेरीबोटीने ओलांडाव्या लागतात. खाडी आली की रस्ता जेटीपर्यंत खाली उतरतो आणि पलीकडे गेले की पुन्हा वर चढतो. घरी हलकी वाटलेली पिशवी दुसऱ्या खाडीनंतरच्या चढावर आपले खरे वजन सांगते.

पहिल्या खेपेला, दोन वर्षांपूर्वी, माझी पिशवी ११ किलो भरली होती. त्यात चार पँटी होत्या, जाड टॉवेल होता, जानमाज होती, खोबऱ्याच्या वड्यांचा स्टीलचा डबा होता आणि वाचायला म्हणून एक जाड पुस्तक होते, जे मी उघडलेसुद्धा नाही. श्रीवर्धनहून अर्धे सामान पोस्टाने घरी पाठवले. पार्सल माझ्या आधी घरी पोहोचले आणि त्यावरून मी बरेच ऐकून घेतले.

आता पिशवी ७ किलोंच्या आत असते. पाणी त्यात धरलेले नाही. वजन करायला स्प्रिंगचा हातकाटा पुरतो. मागच्या कॅरियरला दोन्ही बाजूंनी दोन पिशव्या, हँडलला पुढे एक छोटी, आणि सीटखाली हत्यारांची चिमुकली. पाठीवर काही नाही. पाठीवरची सॅक पहिल्या तासात बरी वाटते, नंतर खांदे आणि बैठक दोन्ही दुखतात. दोन्ही बाजूंचे वजन सारखे हवे आणि जड वस्तू तळाला, नाहीतर उतारावर सायकल डुलते.

कपडे दोन जोड, बस. एक अंगावर, एक पिशवीत. रात्री धुवायचे, पिळून टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचे आणि पंख्याखाली टाकायचे. सुती बनियन मात्र वाळत नाही, तो घरीच ठेवावा. गादीवाली सायकलची चड्डी तंग असते, म्हणून तिच्यावर गुडघ्याखाली जाणारी सैल ट्रॅकपँट घालतो. सत्रही राहते आणि वाटेत मशिदीत शिरताना अवघडल्यासारखे होत नाही. (त्या चड्डीच्या आत दुसरी चड्डी घालायची नसते. शिवण घासून कातडी सोलवटते. हे मला कोणी सांगितले नव्हते, म्हणून सांगतो. जांघेत व्हॅसलीनही लावावे.)

आणि एक लुंगी. तिच्याएवढी कामाची वस्तू मला अजून सापडलेली नाही. स्वच्छ, धुतलेली लुंगी वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतो. नमाजला तीच नेसायची, रात्री तीच चादर, कपडे बदलताना आडोसाही तिचाच. जानमाज आता नेत नाही, एक पातळ पंचा अंथरायला पुरतो. घामाने कपडा नापाक होत नाही, हे माहीत असूनही चिखल उडालेल्या, चेनचे ग्रीस लागलेल्या कपड्यांत उभे राहायला मन घेत नाही. प्रवासात कस्र असल्याने चार रकातींच्या फर्ज नमाजी दोन रकातींच्या होतात. आम्ही कोकणी लोक बहुतेक शाफई, त्यामुळे जुहर-असर आणि मगरीब-इशा एकत्र पढण्याचीही आम्हाला सवलत आहे. हनफी वाचकांनी आपल्या मस्लकाप्रमाणे पाहावे. सांगायचे एवढेच की नमाजसाठी वेगळे ओझे लागत नाही. लुंगी, पंचा, टोपी. पावशेर वजनही भरत नाही.

हत्यारांत काटकसर नको. दोन ट्यूब, पॅच आणि सोल्यूशन, टायर काढायचे दोन प्लास्टिकचे लिव्हर, छोटा पंप, ॲलन-की आणि चेन तोडायचे हत्यार एकत्र असलेला संच, चेनची एक जोडकडी, ब्रेकची आणि गिअरची एकेक केबल, चार प्लास्टिकच्या पट्ट्या, थोडी इन्सुलेशन टेप. वाटेतल्या गावांतली सायकल-दुकाने चांगली असतात, पण त्यांच्याकडे सामान असते साध्या मोठ्या सायकलीचे. आपल्या सडपातळ टायरची ट्यूब तिथे मिळेल हे धरून चालू नये. बारीक तोंडाचा, प्रेस्टा म्हणतात तो व्हॉल्व्ह असेल तर पितळेचा एक छोटा ॲडॉप्टर हवाच. तो नसेल तर पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर असूनही आपण हवा भरून घेऊ शकत नाही. टायर चिरला तर आतून लावायला टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबचा हातभर नव्हे, बोटभर तुकडा पुरतो.

रेनकोट, दिवे, चार्जर, आधार कार्ड, रोख पैसे ही यादी कोणीही करील. फक्त रोख पैसे विसरू नयेत, जेटीवर नेटवर्क असतेच असे नाही.

आता जे लिहायचे ते मी दोन वर्षे टाळले.

मला मधुमेह आहे. गोळी घेतो, तिच्यात ग्लिमेपिराइड आहे. त्या पहिल्या खेपेला केळशीला हजरत याकूब बाबांच्या दर्ग्यावर फातेहा पढून आंजर्ल्याकडे निघालो. सकाळी बोट चुकू नये म्हणून नाश्ता घाईत अर्धाच केला होता, गोळी मात्र पुरी घेतली होती. माझा शाळासोबती पुढे निघून गेला होता. चढावर हात कापू लागले. वाटले, थकवा आहे. मग थंड घाम सुटला, आणि नंतर गिअर कोणत्या हाताला असतो हेच आठवेना. कशीबशी सायकल झाडाला टेकवली. खजूर होता, ग्लुकोजचा डबाही होता. दोन्ही मागच्या पिशवीच्या तळाला, कपड्यांच्या खाली, आणि पिशवीवर रबरी दोरी आवळून बांधलेली. त्या दोरीचा हूक माझ्या बोटांना निघेना. एवढे सामान माझ्याबरोबर होते आणि त्यातले दोन चमचे माझ्या हाताला लागत नव्हते.

डोक्यावर लाकडांची मोळी घेतलेल्या एक मावशी समोरून आल्या. "दादा, काय होतंय?" एवढेच त्यांनी विचारले. मी काय उत्तर दिले ते मला आठवत नाही. त्यांनी मोळी खाली टाकली, घराकडे गेल्या आणि तांब्याभर पाण्यात साखर कालवून आणली. अल्लाहने त्यांना पाठवले असेच मी मानतो. पाऊण तासाने मित्र परत शोधत आला, तोवर मी उठून बसलो होतो.

घरी मी हे सांगितले नाही. डॉक्टरांना सांगितले. त्यांनी समजावले की सायकल चालवताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. त्यावर इन्सुलिन किंवा माझ्यासारखी गोळी असेल तर साखर एकदम घसरते, आणि श्रम थांबल्यावर काही तासांनी, अगदी रात्री झोपेतही घसरू शकते. सहलीच्या दिवसांसाठी त्यांनी माझा डोस बदलून दिला. वाचकांनी असा बदल स्वतःच्या मनाने करू नये, आपापल्या डॉक्टरांना विचारावे. आणखी एक गोष्ट मला नवी होती. साखर ७० च्या खाली गेली तर पहिल्यांदा खजूर नाही. खजुराचा परिणाम त्या मानाने हळू होतो, चॉकलेटचा तर आणखी हळू. आधी साधी साखर किंवा ग्लुकोज, साधारण १५ ग्रॅम, म्हणजे लहान चमच्याने तीन-चार चमचे. १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे, वर आली नसेल तर पुन्हा तेवढेच. साखर ठीक झाली की मग खजूर, पाव, केळे काहीही. आणि माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचे नाही, त्याला दवाखान्यात न्यायचे.

या वर्षी धाकटा म्हणाला, "अब्बा, मीपण येतो." तो १९ वर्षांचा. तो बरोबर येणार तर त्याला सगळे माहीत हवे, आणि त्याला सांगायचे तर त्याच्या अम्मीला आधी. एका रात्री जेवणानंतर सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तुम्ही दोन वर्षं मला वड्यांच्या डब्यावरून हसत होतात." त्यानंतर दोन दिवस आमच्यात कामापुरतेच बोलणे झाले. मी यावर सफाई देणार नाही. चूक माझी होती.

तिसऱ्या दिवशी ती माझी भरलेली पिशवी घेऊन बसली आणि सगळे जमिनीवर ओतले. एकेक वस्तू उचलून विचारू लागली, "ही डोळे मिटून सापडेल का?" रेनकोट वर आला. पंप बाहेर चौकटीला गेला. साखर तपासायचे यंत्र आणि पट्ट्या हँडलच्या पिशवीत आल्या, पण वरच्या बाजूला नाही, कारण पट्ट्यांना ऊन चालत नाही. मोडक्या छत्रीच्या काळ्या कापडाची तिने एक छोटी पिशवी शिवली, तोंडाला नाडीऐवजी वेल्क्रो, एका हाताने ओढले की उघडते. तिच्यात ग्लुकोजच्या तीन पुड्या, प्रत्येकी १५ ग्रॅम मोजलेल्या. ती हँडलच्या मधोमध बांधायची. तशीच दुसरी मुलाच्या शर्टाच्या मागच्या खिशात. आणि एका कार्डावर मराठीत ठळक अक्षरांत लिहिले, मला मधुमेह आहे, हात कापत असतील किंवा मी भलतेच बोलत असेन तर साखरेचे पाणी द्या, खाली मुलाचा आणि घरचा नंबर. ते लॅमिनेट करून माझ्या गळ्यात. मला थोडे ओशाळल्यासारखे वाटते, पण ते काढून ठेवायची परवानगी नाही.

एक अटही आली. मुलगा पुढे जाणार नाही, मागे राहणार. मला तो दिसला नाही तरी चालेल, मी त्याला दिसलो पाहिजे.

वड्या यंदाही आहेत. स्टीलच्या डब्यात नाही, कागदात गुंडाळून, पहिल्या दोन दिवसांपुरत्या.

गेल्या रविवारी पूर्ण भरलेल्या सायकली घेऊन आम्ही दोघे फज्रनंतर निघालो आणि ४० किलोमीटर फिरून आलो. नवीन सामान पहिल्यांदा सहलीतच बांधू नये, म्हणून. वाटेत तीनदा डोळे मिटून पुडी काढून पाहिली, तिन्ही वेळा निघाली. डाव्या पिशवीचा हूक मात्र खड्ड्यात खडखडतो. त्याला जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळायचा राहिला आहे.