‘सतर्क राहावे’ म्हणजे नेमके काय करावे?

नीरा नरसिंहपूरच्या संगमावर भीमा उजनी धरणाचे पाणी आणते, नीरा वीर धरणाचे. विसर्ग वाढला की मोबाइलवर मजकूर येतो : ‘पाणी सोडले जाऊ शकते, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.’

मी आयुष्यभर मराठी व्याकरण शिकवले. आता काठावर ऊस करतो. ‘राहावे’ हा विध्यर्थ. ‘मुलांनी आज्ञा पाळावी’ हे कर्तव्य, ‘आज बहुतेक पाऊस पडावा’ हा तर्क, रूप एकच. वर्गात याचे कौतुक वाटायचे. पुराच्या सूचनेत हीच संदिग्धता महागात पडते. रात्री नदीतली मोटार काढायची म्हणजे आधी स्टार्टर बंद करा, केबल सोडवा, पाइप मोकळा करा, मग चौघांनी दोर लावून चिखलातून ओढा. ‘शकते’ एवढ्यावर शेजारच्याला कसे उठवायचे?

हवामान खात्याने शक्यता सांगावी, ते योग्यच. पाऊस कुणाच्या हातात नाही. धरणाचा दरवाजा मात्र माणूस उघडतो. आवक पाहून निर्णय बदलतो, मान्य. बदलला तर पुन्हा कळवा. पण किती क्यूसेक, किती वाजता, संगमावर पाणी केव्हा पोचेल, हे ठाम लिहा. आणि ‘सतर्क राहावे’ऐवजी लिहा : मोटारी काढा, जनावरे हलवा.