आधी पाणी, मग रोषणाई

कॉमन रूममध्ये खाऱ्या पाण्याचा फिशटँक ठेवायची टूम निघालीय, आणि पहिली चर्चा कशावर? निळ्या एलईडीवर! माझं मत स्पष्ट आहे: वर्गणीचा पहिला रुपया दिव्यावर घालवू नका.

४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश लागतो प्रवाळांना, कारण त्यांच्या अंगातलं शैवाल त्यावर अन्न बनवतं. पण कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. ते सोडाच. क्लाउनफिशला साधा दिवा पुरतो.

खर्च करा फिल्टर, पंप आणि रिफ्रॅक्टोमीटरवर. पाण्याची सापेक्ष घनता १.०२५ च्या आसपास हवी. बाष्पीभवनात पाणी उडतं, मीठ नाही. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. अमोनिया पचवणारे जिवाणू रुजायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासा आणायचा नाही.

आणि लाइट गेली तर? दिवा विझल्याने मासा मरत नाही राव, पंप बंद पडल्यावर प्राणवायूअभावी मरतो. बॅटरीवरचा एअर पंप आधी घ्या.

शेवटचा प्रश्न: दिवाळीच्या सुटीत टाकी कोण बघणार? ते नाव ठरत नसेल, तर टाकीच नको.